सामूहिक संगणक-संगीतातील चित्रात्मक इंटरफेस : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एकत्र वाजवणाऱ्या कलावंतांना परस्परांची चाहूल लागावी लागते. बैठकीत तबलावादक गायकाच्या मुद्रेवरून समेचा अंदाज घेतो, हार्मोनियमची साथ करणारा त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असतो आणि कोणाच्या हातून कोणता नाद निघाला हे श्रोत्यांनाही समजत असते. संगणक वाद्य म्हणून रंगमंचावर आला तेव्हा कृती आणि नाद यांच्यातील हा उघड संबंध तुटला. एक कळ दाबल्याने एकच स्वर निघू शकतो किंवा दहा मिनिटे चालणारी प्रक्रियाही सुरू होऊ शकते. पाहणाऱ्याला दोन्ही वेळी बोटाची हालचाल सारखीच दिसते. तीन-चार वादक शेजारी बसून संगणक वाजवू लागले, की ऐकू येणाऱ्या नादांपैकी आपला कोणता व दुसऱ्याचा कोणता, हे खुद्द वादकांनाही सांगणे कठीण होते.

या अडचणीतून चित्रात्मक इंटरफेसचा प्रश्न उभा राहिला. चित्रात्मक इंटरफेस म्हणजे संगणकात चाललेली प्रक्रिया रेषा, आकृती, रंग व चिन्हे यांच्या रूपाने दाखवणारी आणि त्याच आकृतींद्वारे ती प्रक्रिया बदलू देणारी रचना होय. एकट्या वादकापुरता तो सोयीचा भाग असतो. समूहात मात्र त्याला वेगळे महत्त्व येते. कोणाला काय दिसावे, कोणी कशाला हात लावावा आणि उमटलेला नाद कोणाचा मानावा, हे तीन निर्णय त्यात गृहीत धरलेले असतात. म्हणजेच इंटरफेसची रचना हा समूहातील अधिकारवाटपाचा एक प्रकारचा करार असतो.

१९६८ ते २०२० या कालखंडातील काही निवडक उदाहरणांच्या आधारे या कराराचे स्वरूप कसकसे बदलत गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. हा इतिहास ओबडधोबड यंत्राकडून सुबक पडद्याकडे झालेल्या प्रगतीचा नाही. प्रत्येक टप्प्यावर काही मिळाले आणि काही गमावले गेले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. रेषेतून स्वराकडे

संगणकाद्वारे ध्वनिनिर्मितीचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये केला. त्या काळी स्वरांची माहिती आकड्यांच्या रूपाने यंत्राला पुरवावी लागे आणि निष्पत्ती ऐकण्यासाठी प्रतीक्षा करावी लागे. १९६८ मध्ये मॅथ्यूज व एल. रॉस्लर यांनी 'ग्राफिक-१' या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने वक्ररेषा काढून स्वरांची उंची, तीव्रता व कालावधी ठरवण्याची पद्धत मांडली. आकड्यांच्या जागी रेषा आली आणि संगीतरचना हाताच्या ओघाशी पुन्हा जोडली गेली.

याच दिशेने फ्रान्समध्ये संगीतकार व वास्तुरचनाकार इयानिस झेनाकिस यांच्या संशोधन केंद्रात १९७७ मध्ये 'युपिक' ही यंत्रणा सिद्ध झाली. मोठ्या फलकावर विद्युत्-लेखणीने रेषा काढावयाच्या; आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा. झेनाकिस यांनी १९७८ मध्ये या फलकावर 'मिसेन आल्फा' ही कृती रचली. स्वरलिपीचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही, अगदी लहान मुलांनाही, रेषा काढून संगीत रचता यावे ही त्यांची दृष्टी होती आणि त्यानुसार मुलांसाठी कार्यशाळाही घेण्यात आल्या. तथापि युपिकचा फलक हा मूलतः रचनाकाराचा कागद होता. त्यावर एकाहून अधिक हात चालू शकत असले, तरी रेखाटनानंतर नाद ऐकू येई. वादनाच्या ऐन क्षणी परस्परांना प्रतिसाद देण्याची सोय त्याच्या प्रारंभीच्या रूपात नव्हती.

२. पडद्याविना उभा राहिलेला समूह

युपिकचा फलक फ्रान्समध्ये सिद्ध होत असताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग आकाराला येत होता. १९७८ मध्ये जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ व रिच गोल्ड यांनी 'लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स' हा समूह स्थापन केला. आरंभीच्या काळात डेव्हिड बेर्मन त्यांच्यासोबत होते; पुढे टिम पर्किस सामील झाले. त्यांचे वाद्य म्हणजे १९७६ मध्ये बाजारात आलेला 'किम-१' हा २४५ डॉलर किमतीचा एका पट्टीवरील संगणक होय. त्याची स्मृती सुमारे १ किलोबाइट होती. पडदा नव्हता. सहा आकडी अंकदर्शक आणि कळांचा एक लहानसा संच, एवढाच काय तो त्याचा चेहरा.

प्रत्येक सदस्य स्वतःचा कार्यक्रम लिहून स्वतःच्या यंत्रावर चालवीत असे आणि ही यंत्रे तारांनी परस्परांना जोडलेली असत. एका यंत्रातून निघालेल्या स्वरानुसार दुसऱ्या यंत्रातील सुरावटीची पट्टी बदले, त्याचा परिणाम तिसऱ्यावर होई. बर्कले येथील फिनिश हॉलमध्ये रविवारी दुपारी या समूहाची अनौपचारिक सत्रे होत.

इंटरफेसच्या दृष्टीने पाहता लीगच्या सदस्यांना पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. शेजारच्या यंत्रात काय चालले आहे हे जाणून घेण्याचा एकच मार्ग म्हणजे ऐकणे. या अभावातूनच एक विशिष्ट समता निर्माण झाली. कोणालाही संपूर्ण चित्र दिसत नव्हते, त्यामुळे कोणालाही संपूर्ण नियंत्रण घेता येत नव्हते. हॉर्टन यांच्या आजारपणामुळे १९८३ मध्ये हा समूह विसर्जित झाला. परंतु दृश्य माहितीचा अभाव ही सर्वस्वी उणीवच असते असे नाही, हा त्याचा धडा पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागतो.

३. सामाईक फलक आणि खासगी पत्र

लीगमधील तारांची जोडणी प्रत्येक प्रयोगासाठी नव्याने करावी लागे व ती वारंवार बिघडे. यावर उपाय म्हणून पर्किस व बिशॉफ यांनी मध्यभागी एक लहान संगणक ठेवण्याची कल्पना पुढे आणली. प्रत्येक वादकाने आपल्या कार्यक्रमाची सद्यस्थिती या मध्यवर्ती स्मृतीत नोंदवावी आणि इतरांनी ती हवी तेव्हा वाचावी, अशी ही व्यवस्था होती. तिच्याभोवती 'द हब' हा सहा जणांचा समूह १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. ख्रिस ब्राउन, स्कॉट ग्रेशम-लँकेस्टर, मार्क ट्रेल व फिल स्टोन हे त्याचे अन्य सदस्य होत.

१९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे हबने एक उल्लेखनीय प्रयोग केला. तीन वादक 'क्लॉकटॉवर'मध्ये व तीन 'एक्सपेरिमेंटल इंटरमीडिया फाउंडेशन'मध्ये बसले आणि दोन्ही ठिकाणची यंत्रे मोडेमद्वारे दूरध्वनीच्या तारेने जोडण्यात आली. तारेवरून ध्वनी जात नव्हता, केवळ माहिती जात होती. प्रत्येक सभागृहातील श्रोत्यांना निम्मा समूह दिसे आणि उरलेल्या निम्म्याचा प्रभाव तेवढा ऐकू येई.

मध्यवर्ती स्मृती ही गावच्या चावडीवरील फलकासारखी होती. ज्याला जे सांगावयाचे ते त्याने तेथे लिहावे, ज्याला वाचावयाचे त्याने वाचावे. १९९० च्या सुमारास हबने ही व्यवस्था सोडून 'मिडी' या १९८३ पासून रूढ झालेल्या संकेतप्रणालीवर आधारित जोडणी स्वीकारली. तीत प्रत्येक संदेश विशिष्ट वादकाच्या नावे पाठवता येई. फलकाची जागा जणू पत्राने घेतली. तांत्रिकदृष्ट्या हा बदल गतीचा व सोयीचा होता. सामाजिकदृष्ट्या मात्र 'सर्वांना सर्व उपलब्ध' हे तत्त्व मागे पडून 'मी कोणाला काय कळवावे' हा नवा प्रश्न निर्माण झाला. यंत्रजोडणीतील बदल समूहाच्या स्वभावात कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४. एकट्याचा माउस

१९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक आला आणि खिडक्या, चिन्हे व माउस यांवर आधारलेला इंटरफेस घरोघरी पोहोचू लागला. संगीताच्या क्षेत्रात त्याचे स्वागत झाले ते साहजिकच होते. लॉरी स्पीगल यांच्या १९८६ मधील 'म्युझिक माउस' या कार्यक्रमात माउसच्या हालचालीतून सुरावट साकारे आणि स्वरसंवादाचे नियम संगणक सांभाळी. पॅरिसच्या 'इर्काम' संस्थेत मिलर पकेट यांनी घडवलेल्या व पुढे 'मॅक्स' या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीत चौकटी व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांद्वारे ध्वनिप्रक्रियेचा नकाशाच पडद्यावर मांडता येऊ लागला. फिलिप मानुरी यांच्या पियानो व संगणक यांसाठीच्या 'प्लुटॉन' (१९८८) या कृतीसाठी तिचा उपयोग झाला. हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्या गौरवार्थ दिलेले आहे.

या प्रणालींची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि त्यांच्या मुळाशी एक गृहीतक होते : संगणक एक, बाण एक, माणूस एक. पडदा वापरकर्त्याकडे तोंड करून असतो आणि त्याची पाठ इतरांकडे असते. लीगच्या सदस्यांना काही दिसत नव्हते म्हणून ते ऐकत होते. आता प्रत्येकाला स्वतःचे काम इतके स्पष्ट दिसू लागले, की शेजाऱ्याकडे पाहण्याची गरज कमी झाली. आपल्या महाविद्यालयांतील संगणक-कक्षात रांगेने बसलेले आणि आपापल्या पडद्यात गुंतलेले विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही स्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या एकाकी रचनेतून बाहेर पडण्याचा एक प्रयत्न बार्सिलोना येथे सर्जी जोर्डा यांनी १९९७ मध्ये 'एफएमओएल' या प्रणालीद्वारे केला. 'ला फुरा देल्स बाउस' या कॅटलान नाट्यसंस्थेच्या 'फाउस्ट ३.०' (१९९८) या प्रयोगासाठी इंटरनेटवरील अनेकांनी मिळून संगीत रचावे, असा त्याचा हेतू होता. पडद्यावर उभ्या-आडव्या तारांची जाळी दिसे. माउसने तार ओढली की नाद निघे आणि त्या नादानुसार तीच तार थरथरे. नियंत्रणाचे साधन व नादाचे चित्र एकच झाले. एकाने रचलेला तुकडा दुसऱ्याने उचलून पुढे वाढवावा अशी मुभा असल्याने एका बीजातून अनेक फांद्या फुटत. मात्र हे सहकार्य क्रमाक्रमाने होणारे होते, एकाच क्षणी घडणारे नव्हते.

५. टेबलाभोवतीचे वर्तुळ

१९९० च्या दशकाच्या अखेरीस रचनाकारांचे लक्ष उभ्या पडद्यावरून आडव्या पृष्ठभागाकडे वळले. जपानी कलावंत तोशिओ इवाई यांच्या 'कॉम्पोझिशन ऑन द टेबल' (१९९८-९९) या मांडणीत टेबलावर प्रक्षेपित केलेल्या प्रकाशाकृती हाताळून अनेकांना मिळून नाद निर्माण करता येत होते. याच सुमारास अमेरिकेत टीना ब्लेन व टिम पर्किस यांनी 'जॅम-ओ-ड्रम' विकसित केले. वर्तुळाकार टेबलाच्या कडेला थाप देण्याच्या गाद्या आणि मधल्या पृष्ठभागावर हलती चित्रे, असे त्याचे स्वरूप होते. हे पर्किस म्हणजे लीग व हबमधील तेच पर्किस होत. पडद्याविना वाजवणाऱ्या समूहातील एक सदस्य वीस वर्षांनी सामाईक पडद्याच्या रचनेत सहभागी व्हावा, हा योगायोग मानता येणार नाही. समूहाचा प्रश्न तोच होता, उत्तर मात्र नव्याने शोधले जात होते.

या परंपरेतील सर्वांत परिचित वाद्य म्हणजे 'रिॲक्टेबल' होय. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्डा, मार्टिन काल्टेनब्रुनर, गुंटर गायगर व मार्कोस अलोन्सो यांनी २००३ पासून ते घडवले. अर्धपारदर्शक गोल टेबलाखाली कॅमेरा व प्रक्षेपक बसवलेले असतात. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी विशिष्ट चिन्ह असते आणि कॅमेरा ते ओळखतो. एखादा ठोकळा नाद निर्माण करतो, एखादा तो गाळतो, एखादा त्याची लय ठरवतो. ठोकळे जवळ आणले की ते आपोआप जोडले जातात व त्यांच्यामधील प्रकाशरेषेत नादाची लहर धावताना दिसते. पृष्ठभागावर शब्द, आकडे वा निवडसूची नसते.

टेबल गोल असण्यामागे निश्चित विचार आहे. चौकोनी टेबलाला मानाची जागा असते, गोल टेबलाला नसते. कोणताही ठोकळा कोणाच्याही मालकीचा नसतो. एकाने ठेवलेला दुसऱ्याने उचलावा. २००५ मध्ये बार्सिलोना व ऑस्ट्रियातील लिंझ येथील दोन टेबले जोडून झालेल्या प्रयोगासाठी 'टेलेसॉन' ही रचना हबच्याच ख्रिस ब्राउन यांनी केली होती. २००७ मध्ये आइसलँडच्या गायिका ब्यॉर्क यांच्या 'व्होल्टा' दौऱ्यात हे वाद्य वाजवले गेले आणि त्याची कीर्ती जगभर पसरली.

रिॲक्टेबलवर जे घडते ते सर्वांसमोर घडते, हे त्याचे बलस्थान आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. आपला नाद आधी स्वतःशी घोळवून मग समूहासमोर ठेवण्याची मुभा अशा टेबलावर राहत नाही. चाचपडणेही सर्वांच्या देखत होते. नवशिक्याला जशी मदत अधिक लवकर मिळते, तसा संकोचही अधिक वाटू शकतो. २०१० मध्ये हे वाद्य मोबाइलच्या पडद्यावर उपलब्ध झाले, तेव्हा आकृत्या त्याच राहिल्या. टेबलाभोवतीचे वर्तुळ मात्र हरवले. यावरून चित्र आणि त्याभोवतीची माणसांची बैठक यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही, हे स्पष्ट होते.

६. पडदा श्रोत्यांसमोर

लॅपटॉप स्वस्त व सक्षम झाल्यावर एकविसाव्या शतकाच्या आरंभी समूहवादनाचे आणखी दोन मार्ग पुढे आले. पहिला मार्ग वाद्यवृंदाचा. प्रिन्स्टन विद्यापीठात डॅन ट्रूमन व पेरी कुक यांनी २००५ मध्ये लॅपटॉप वाद्यवृंद स्थापन केला. विद्यार्थी जमिनीवर बैठक मारून बसत. प्रत्येकापाशी लॅपटॉप व एक अर्धगोलाकार ध्वनिवर्धक असे. वादक जेथे बसला आहे तेथूनच त्याचा नाद यावा, हा या ध्वनिवर्धकामागील हेतू होता. 'हा नाद कोणाचा' या प्रश्नाला पडद्याऐवजी जागेने दिलेले हे उत्तर होय. मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांनी या वृंदासमवेत वादन केले होते, ही बाब मराठी वाचकांस विशेष वाटावी.

दुसरा मार्ग 'लाइव्ह कोडिंग'चा. यात वादक श्रोत्यांसमोर संगणकीय सूत्रे लिहीत व बदलीत जातो. २००४ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे 'टॉपलॅप' ही संघटना स्थापन झाली. वादकाने आपला पडदा भिंतीवर प्रक्षेपित करून श्रोत्यांना खुला करावा, असा तिचा आग्रह राहिला. 'पॉवरबुक्स अनप्लग्ड' या जर्मन समूहाचे सदस्य तर श्रोत्यांमध्येच विखरून बसत, लॅपटॉपच्या अंगच्याच ध्वनिवर्धकांतून वाजवीत आणि एकमेकांची सूत्रे बिनतारी जाळ्यावरून घेत. येथे चित्राची जागा अक्षरांनी घेतली असली, तरी मूळ प्रश्न बदललेला नाही. जे लिहिले जाते ते दिसते. मात्र दिसणाऱ्या सर्वांना ते कळतेच असे नाही. पारदर्शकता आणि आकलन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

७. सामाईक आणि खासगी यांमधील सीमा

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात निक ब्रायन-किन्स यांनी केला. त्यांच्या 'डेझीफोन' (२००४) या प्रणालीत दूर अंतरावरील माणसे पडद्यावरील एका वर्तुळाकार आवर्तनात मिळून स्वर मांडत. कोणाचा स्वर कोणता हे रंगावरून ओळखता येई आणि स्वरांच्या बाजूला खुणा वा अक्षरे काढून परस्परांशी बोलताही येई. २०१० मध्ये रॉबिन फेनकॉट व ब्रायन-किन्स यांनी सर्व जागा सामाईक असलेली रचना आणि प्रत्येकाला खासगी जागा देणाऱ्या रचना यांची तुलना केली. पूर्ण उघडेपणा हेच सहकार्याचे सर्वोत्तम रूप आहे, हे गृहीतक त्यामुळे तपासणीखाली आले. समूहाला सामाईक अंगण जसे हवे, तशी प्रत्येकाला माघारी जाण्यासाठी एक ओसरीही हवी.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डेव्हिड ऑगबोर्न यांच्या पुढाकाराने घडलेल्या 'एस्च्युअरी'सारख्या प्रणालीत एकाच पानावर अनेक वादकांच्या चौकटी शेजारी-शेजारी दिसतात व ब्राउझरखेरीज अन्य काही लागत नाही. २०२० मध्ये कोविड-१९ महामारीमुळे एकत्र बसणे अशक्य झाले, तेव्हा अशा साधनांचे मोल विशेष जाणवले. हबने १९८७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवर सोडवू पाहिलेलाच प्रश्न जगासमोर नव्याने उभा होता.

८. इतिहासलेखनापुढील अडचण

या विषयाचा इतिहास लिहिताना साधनांची मर्यादा तीव्रतेने जाणवते. लीगच्या वादनाची निवडक ध्वनिमुद्रणे २००७ मध्ये तबकडीरूपाने प्रसिद्ध झाली. ती ऐकता येतात. परंतु वादनाच्या क्षणी कोणत्या सदस्याला काय दिसत होते, कोणती तार कोठे जोडलेली होती आणि कोणता बदल कोणी केला, हे ध्वनिमुद्रणात उतरत नाही. संगणकप्रणाली जुनी झाली की तिचा पडदा पुन्हा उघडता येत नाही. एखाद्या तानपुऱ्याचा भोपळा शंभर वर्षांनी संग्रहालयात पाहता येतो. वीस वर्षांपूर्वीचा इंटरफेस त्याचा संगणक चालू नसेल तर पाहता येत नाही.

म्हणून पुढील अभ्यासकांसाठी ध्वनीइतकेच पडद्याचे, बैठकीच्या मांडणीचे आणि हाताळणीच्या अधिकारांचे दस्तऐवजीकरण होणे अगत्याचे आहे. ध्वनिमुद्रण, सूत्रलेखन व दृश्यनोंद ही तिन्ही साधने एकत्र आल्याखेरीज सामूहिक संगणक-संगीताचा इतिहास पुरा होणार नाही. अन्यथा संगीत उरेल, पण ते कोणी कोणाच्या संमतीने घडवले हे उरणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की चित्रात्मक इंटरफेसची प्रत्येक रचना समूहाविषयीच्या एका कल्पनेतून जन्माला आली. युपिकने रेषेला स्वराचा दर्जा दिला. लीगने पडद्याविना ऐकण्यावर विश्वास ठेवला. हबने सामाईक स्मृती उभारली आणि पुढे ती संदेशांत विभागली. माउसने वादकाला सामर्थ्य दिले व एकटेही केले. रिॲक्टेबलने वर्तुळ परत आणले, लाइव्ह कोडिंगने पडदा श्रोत्यांकडे वळवला आणि अलीकडील संशोधनाने खासगी जागेची आवश्यकता अधोरेखित केली. यांपैकी कोणतेही उत्तर अंतिम ठरले नाही.

आज शिक्षण, प्रशासन व संशोधन या सर्वच क्षेत्रांत माणसे सामाईक पडद्यावर काम करू लागली आहेत. कोणाला काय दिसते, कोणाला काय बदलता येते आणि श्रेय कोणाकडे जाते, हे प्रश्न तेथेही उपस्थित होतात, परंतु बहुधा विचारले जात नाहीत. संगणकावर एकत्र वाजवू पाहणाऱ्या मूठभर कलावंतांना ते १९७८ पासून विचारावे लागले, कारण त्यांची उत्तरे चुकली की संगीतच बिघडत होते. त्यांच्या अनुभवाचा इतिहास संगीताबाहेरील अभ्यासकांनीही वाचावा, यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.